आग वापरली, राखली, पेटवली: आदिमानवाच्या अग्निज्ञानाचा आढावा

माणूस सोडला तर दुसरा कोणताही प्राणी स्वतः आग पेटवत नाही, आणि आगीवाचून जगणारा मानवसमाज आज पृथ्वीवर कुठेही नाही. चार्ल्स डार्विनने १८७१ साली भाषेच्या खालोखाल आगीलाच माणसाचा बहुधा सर्वांत मोठा शोध मानले होते. हा शोध कधी लागला, हे विचारले की मात्र अभ्यासकांची उत्तरे फार दूरदूर पडतात. कुणी जवळजवळ १९ लाख वर्षे मागे जाते, कुणी १० लाखांवर थांबते, कुणी ४ लाखांवर. काही काळापूर्वीपर्यंत आग पेटवण्याचा सर्वांत जुना भक्कम पुरावा जेमतेम ५० हजार वर्षांपूर्वीचा मानला जात होता.

उत्तरांत एवढी तफावत का, हे समजून घेतले की निम्मा वाद उलगडतो. ‘आग कधी सापडली’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. वणव्यातून किंवा वीज पडलेल्या झाडातून मिळालेल्या आगीचा माणसाने फायदा कधी घेतला, हा पहिला. ती आग घेऊन येणे, तिला सरपण घालणे, ती विझू न देणे त्याला कधी जमले, हा दुसरा. आणि आग नसलेल्या ठिकाणी, हवी तेव्हा, ती नव्याने पेटवणे कधी साधले, हा तिसरा. काडेपेटी सहज मिळत नव्हती त्या काळी आपल्या खेड्यांत रात्री निखारे राखेत पुरून ठेवत आणि ते विझलेच तर शेजारच्या चुलीतून विस्तव आणत. अशा घरात आग रोज असे, पण रोज पेटवली जात नसे. राखणे आणि पेटवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि त्यांच्यामध्ये लाखो वर्षांचे अंतर असू शकते. या लेखात वादाची पार्श्वभूमी, पुराव्याचे स्वरूप आणि प्रमुख भूमिका क्रमाने मांडून आज प्रश्न कुठवर आला आहे ते पाहू.

पार्श्वभूमी: घाईचे दोन निष्कर्ष

या वादाच्या सुरुवातीच्या दोन प्रकरणांनी पुढच्या संशोधकांना सावध केले. पहिले चीनमधले. बीजिंगजवळच्या झोऊकोउदिआन येथे १९२०च्या दशकापासून उत्खनन सुरू झाले आणि ‘पेकिंग मानव’ म्हणून गाजलेले होमो इरेक्टस या प्राचीन मानवप्रजातीचे अवशेष तिथे मिळाले. त्यांच्यासोबत काळे जाड थर आणि जळालेली हाडेही होती. १९३१ साली डेव्हिडसन ब्लॅक यांनी हा आगीचा पुरावा म्हणून मांडला, आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंरी ब्रय यांनीही त्याला पाठिंबा दिला. गुहेत शेकोटीभोवती बसलेला पेकिंग मानव पाठ्यपुस्तकांत पोहोचला आणि अनेक दशके तिथेच राहिला.

दुसरे प्रकरण दक्षिण आफ्रिकेतले. माकापान्सगट येथील काळी पडलेली हाडे जळालेली आहेत असे समजून रेमंड डार्ट यांनी १९४८ साली तिथल्या प्राण्याला ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस प्रोमिथिअस’ असे नाव दिले. देवांकडून अग्नी चोरून माणसाला देणारा प्रोमिथिअस ग्रीक पुराणांतला. पुढे तपासणीत तो काळेपणा आगीचा नसून खनिजांच्या डागांचा असल्याचे दिसले आणि हा दावा मागे पडला.

झोऊकोउदिआनचा दावा अधिक काळ टिकला. १९८०च्या दशकात लुईस बिन्फर्ड यांनी त्यावर शंका घेतली. १९९८ साली स्टीव्ह वाइनर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गाळाची सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांना राखेचे थर समजले जात होते त्यांत लाकडाच्या राखेची ठेवणच सापडली नाही, आणि ते थर बऱ्याच अंशी पाण्याने वाहून आणलेल्या गाळाचे निघाले. दगडी हत्यारांच्या थरांत जळालेली हाडे आहेत, हे मात्र त्यांनी नाकारले नाही. अलीकडे चिनी संशोधकांनी नव्या तपासण्यांच्या आधारे तिथे नियंत्रित आग होती असे पुन्हा मांडले आहे. म्हणजे ते प्रकरण अजून मिटलेले नाही. पण एक धडा सर्वांनी घेतला: काळे दिसले म्हणून जळाले असे होत नाही, आणि जळाले म्हणून माणसाने जाळले असेही होत नाही.

राख टिकत नाही: पुरावा ओळखायचा कसा?

दगडी हत्यार वीस लाख वर्षे टिकते. राख वाऱ्याने उडते, पावसात विरघळते. कोळशाचा भुगा होऊन तो गाळाबरोबर निघून जातो. उघड्यावर एक-दोन रात्री पेटवलेल्या छोट्या शेकोटीचे तर काही वर्षांतच नामोनिशाण उरत नाही. त्यामुळे पुरावा मिळाला नाही यावरून आग नव्हती असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

उलट बाजूनेही फसगत होते. मँगॅनीजच्या डागांनी हाड काळे पडते. लोहयुक्त माती नैसर्गिकरीत्याही लाल असते. आफ्रिकेच्या गवताळ माळांवर वीज पडून वणवे लागतातच, आणि एखादे झाडाचे खोड जमिनीत धुमसत राहिले तर खालची माती भाजून तिथे चुलीसारखाच लाल डाग तयार होतो. वटवाघळांच्या विष्ठेच्या ढिगाला गुहेच्या आत आपोआप आग लागल्याचीही उदाहरणे आहेत.

म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांत भर नजरेच्या अंदाजावरून प्रयोगशाळेकडे सरकला. गाळाचा अखंड तुकडा राळेत घट्ट करून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की राख जागच्या जागी आहे की वाहून आलेली, हे कळते. अवरक्त किरणांच्या साहाय्याने हाड किंवा माती किती अंशांपर्यंत तापली होती याचा अंदाज येतो. ठरावीक तापमानाला चकमकीच्या दगडावर तडे जातात, त्याचे टवके उडतात. जळालेले तुकडे जमिनीवर विखुरलेले आहेत की ठरावीक जागी गोळा झालेले, याचा नकाशा काढता येतो. वणवा सगळीकडे सारखा पसरतो, चूल एका जागी असते. या साधनांमुळे काही जुने दावे गळून पडले आणि काही पूर्वीपेक्षा भक्कम झाले.

आफ्रिका: १५ ते १० लाख वर्षांपूर्वी

सर्वांत जुने दावे आफ्रिकेतले आहेत. केनियातील चेसोवांजा येथे दगडी हत्यारांसोबत भाजलेल्या मातीची ढेकळे मिळाली. जॉन गॉवलेट आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली हा सुमारे १४ लाख वर्षांपूर्वीच्या आगीचा पुरावा म्हणून मांडला. जळत्या खोडानेही माती अशी भाजू शकते, हा आक्षेप लगेच आला आणि तो पूर्णपणे दूर झालेला नाही. तुर्काना सरोवराच्या पूर्वेला कूबी फोरा येथेही सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या स्थळावर लालसर मातीचे डाग आहेत. सारा हलुबिक यांनी अलीकडे नव्या पद्धतींनी त्या स्थळाचा अभ्यास केला. तापलेले अवशेष आणि माणसाच्या वावराच्या खुणा एकत्र आढळतात, असे त्यांच्या गटाचे म्हणणे आहे.

दक्षिण आफ्रिकेतील स्वार्टक्रान्स गुहेतून सी. के. ब्रेन आणि अँड्र्यू सिलेन यांनी १९८८ साली २७० जळालेली हाडे नोंदवली. त्यांचा काळ साधारण १५ ते १० लाख वर्षांपूर्वीचा. गुहेच्या वरच्या थरात अशी हाडे आहेत आणि खालच्या, अधिक जुन्या थरांत नाहीत, हा त्यांच्या मांडणीचा विशेष. मात्र ही हाडे बाहेर जळून गुहेत वाहून आली असण्याची शक्यता उरते.

या सर्वांत आज सर्वांत जास्त मान्यता आहे ती दक्षिण आफ्रिकेतील वोंडरवर्क गुहेला. फ्रान्सेस्को बर्ना, पॉल गोल्डबर्ग, मायकेल शझान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. गुहेच्या तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात, त्यांना वनस्पतींची राख आणि जळालेल्या हाडांचे तुकडे मिळाले. राखेची नाजूक ठेवण शाबूत होती, त्यामुळे ती वाऱ्यापाण्याने आलेली नाही, तिथेच पडलेली आहे, असे त्यांनी दाखवले. इतक्या आत वणवा पोहोचण्याची शक्यता फार कमी. तापमानाच्या खुणांवरून तिथे मोठे ओंडके जाळलेले दिसत नाहीत. सरपण हलके होते: गवत, पाला, काटक्या. माणसाने इथे आग आत आणली, एवढे बहुतेकांना पटते. ती बाहेरच्या वणव्यातून आणलेली होती की पेटवलेली, हे त्या राखेवरून कळत नाही.

जॉर्डन नदीकाठी: परत परत लावलेली आग

पुढचा महत्त्वाचा टप्पा इस्रायलमधील गेशर बनोत याकोव या स्थळाचा आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, एका प्राचीन सरोवराच्या काठी, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी इथे माणसांची वस्ती होती. पाणथळ जमिनीमुळे लाकूड, बिया, फळांचे अवशेषही टिकले. नामा गोरेन-इनबार आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की चकमकीच्या दगडाच्या बारीक तुकड्यांपैकी अगदी थोडेच जळालेले आहेत, आणि तेही ठरावीक जागी गोळा झालेले आहेत. वणवा असता तर जळण्याच्या खुणा सगळीकडे दिसल्या असत्या. निरा अल्पर्सन-अफिल यांच्या पुढच्या अभ्यासात अशी चुलीसारखी ठिकाणे एकावर एक असलेल्या अनेक थरांत आढळली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या, त्या जागी पुन्हा पुन्हा येणारी माणसे आग बाळगून होती.

२०२२ साली या स्थळाने आणखी एक पुरावा दिला. इरित झोहार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मोठ्या माशांच्या दातांतील स्फटिकरचना तपासली. ते दात तापले होते, पण फार तीव्र आचेवर नव्हे. थेट आगीत पडलेल्या दातांपेक्षा मंद आचेवर शिजलेल्या माशांच्या दातांशी ही लक्षणे जुळतात. हा निष्कर्ष टिकला तर अन्न शिजवण्याचा हा फार जुना थेट पुरावा ठरेल. त्याच वर्षी इस्रायलमधील एव्हरॉन येथील १० ते ८ लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने, डोळ्यांना न दिसणाऱ्या तापण्याच्या खुणा शोधल्याचाही अहवाल आला. पद्धत नवी असल्यामुळे तिची इतर स्थळांवर पडताळणी होणे बाकी आहे.

युरोप आणि चार लाखांची सीमारेषा

युरोपमधले चित्र वेगळे आहे. तिथे माणूस दहा लाख वर्षांहून आधी पोहोचला होता. पण विल रोब्रुक्स आणि पाओला व्हिला यांनी २०११ साली तिथल्या स्थळांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा त्यांना सुमारे ४ ते ३ लाख वर्षांपूर्वीपासूनच आगीचा नियमित वापर दिसला. त्याआधी युरोपच्या थंडीत माणसे आगीवाचून जगली असावीत, असा त्यांचा धक्कादायक निष्कर्ष होता. इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीचे हत्यारांचे आणि शिकारीचे उत्तम जपलेले अवशेष आहेत, पण चुली नाहीत. स्पेनमधील काही स्थळांवर याहून जुन्या आगीचे दावे आहेत, परंतु ते सर्वमान्य नाहीत.

पश्चिम आशियातही हीच सीमारेषा उमटते. कार्मेल पर्वतातील ताबून गुहेत रॉन शिमेलमिट्झ आणि सहकाऱ्यांना साधारण साडेतीन लाख वर्षांपूर्वीनंतरच जळालेल्या दगडांचे प्रमाण कायमचे वाढलेले दिसले. तेल अवीवजवळच्या केसेम गुहेत सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची, अनेकदा वापरलेली चूल मिळाली. २०२१ साली कॅथरिन मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी दूरदूरच्या प्रदेशांत आगीच्या खुणा जवळपास एकाच सुमारास वाढतात. हे माणसांच्या स्थलांतरापेक्षा कौशल्याच्या प्रसारामुळे झाले असावे: एका टोळीने दुसरीकडून शिकत जाणे. आक्षेप असा, की याच काळानंतरची गुहास्थळे अधिक आहेत आणि ती चांगली टिकली आहेत. त्यामुळे ही सीमारेषा माणसाच्या वागण्याची आहे की पुराव्याच्या टिकण्याची, हे वेगळे करणे अवघड जाते.

शिजवलेल्या अन्नाचा सिद्धांत

आतापर्यंतची चर्चा मातीतल्या पुराव्याची झाली. हार्वर्ड विद्यापीठातील रिचर्ड रँगहॅम यांनी पुरावा माणसाच्या शरीरात शोधला. १९९९ सालच्या एका दीर्घ लेखात आणि नंतर २००९ सालच्या पुस्तकात त्यांनी असे मांडले की सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी उदयाला आलेला होमो इरेक्टस हा शिजवलेल्या अन्नावर वाढलेला माणूस होता. त्याचा मेंदू पूर्वजांपेक्षा मोठा, दात लहान, आणि छातीच्या पिंजऱ्याच्या आकारावरून पाहता आतडी आखूड. झाडावर चढण्याची शरीररचना त्याने गमावली होती, म्हणजे तो जमिनीवर झोपत असणार, आणि हिंस्र पशूंच्या मुलखात आगीवाचून हे कसे जमले असेल?

या मांडणीमागे ऊर्जेचा हिशेब आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. लेस्ली आयलो आणि पीटर व्हीलर यांनी १९९५ साली सुचवले होते की आतडी लहान झाल्यामुळे वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली. शिजवल्याने कंदांतला स्टार्च मोकळा होतो, मांसातली प्रथिने उकलतात, चावायचे आणि पचवायचे श्रम घटतात. चिंपांझी दिवसातले कित्येक तास चावण्यात घालवतात, माणसाला त्याचा लहानसा भाग पुरतो. रॅचेल कारमोडी आणि रँगहॅम यांच्या उंदरांवरील प्रयोगांत शिजवलेल्या अन्नातून मिळणारी ऊर्जा वाढलेली दिसली. केवळ कच्चे अन्न खाणाऱ्या आजच्या माणसांचे वजन घटते आणि अनेक स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हेही ते दाखवून देतात.

या सिद्धांतावरचे आक्षेप तीन प्रकारचे आहेत. पहिला पुराव्याचा: १९ लाख वर्षांपूर्वीची एकही खात्रीची चूल नाही, आणि रोजचा स्वयंपाक चालू असता तर दहा-पंधरा लाख वर्षांत खुणा इतक्या विरळ राहिल्या नसत्या. दुसरा आक्षेप पर्यायांचा. कॅथरिन झिंक आणि डॅनियल लिबरमन यांनी २०१६ साली दाखवले की मांस दगडी हत्याराने कापले आणि कंद कुटले तरी चावण्याचे श्रम बरेच कमी होतात. दात लहान होण्यासाठी आग अपरिहार्य नव्हती. तिसरा शरीरशास्त्राचा: अनेक सस्तन प्राण्यांच्या तुलनेत मेंदू मोठा होणे आणि आतडी लहान होणे यांत अपेक्षित नाते आढळले नाही, असे २०११ सालच्या एका अभ्यासात दिसले.

रँगहॅम यांचे उत्तर असे, की पुराव्याचा अभाव राखेच्या नाशिवंतपणामुळे आहे, आणि कच्च्या अन्नावर एवढा मेंदू कसा पोसला गेला याचे समाधानकारक उत्तर दुसऱ्या कुणी दिलेले नाही. वाद इथे थांबला आहे. एका बाजूला शरीर आहे, दुसऱ्या बाजूला माती, आणि दोहोंच्या साक्षींमध्ये दहा लाख वर्षांची दरी आहे.

आगीच्या सोबतीने: मधली भूमिका

ही दरी भरून काढण्यासाठी काही अभ्यासक वणव्याकडे वळतात. क्रिस्टन हॉक्स, ख्रिस्तोफर पार्कर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडले की हवामान कोरडे होऊन आफ्रिकेत गवताळ प्रदेश आणि वणवे वाढत गेले तेव्हा आपले पूर्वज आगीच्या मागोमाग अन्न शोधू लागले असावेत. जळून गेलेल्या माळावर बिळे उघडी पडतात, कंद दिसतात, भाजलेले लहान प्राणी आयते मिळतात. आग बाळगण्याच्या कितीतरी आधी आगीचा लाभ घेता येतो.

आजच्या प्राण्यांचे निरीक्षण या भूमिकेला बळ देते. सेनेगलमधील फोंगोली येथे जिल प्रुएट्झ यांना दिसले की चिंपांझी वणव्याला बिचकून पळत नाहीत. आग कुठे सरकेल याचा अंदाज घेऊन ते शांतपणे वाट बदलतात. फेलिक्स वॉर्नेकेन आणि अलेक्झांड्रा रोसाटी यांच्या २०१५ सालच्या प्रयोगांत चिंपांझींनी कच्च्यापेक्षा शिजवलेले अन्न पसंत केले आणि त्यासाठी थांबण्याचीही तयारी दाखवली. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी सांगतात की काही शिकारी पक्षी जळत्या काटक्या उचलून दुसरीकडे टाकतात आणि बाहेर पळणारे भक्ष्य टिपतात. २०१७ साली मार्क बोंटा आणि सहकाऱ्यांनी अशा निरीक्षणांचे संकलन केले. आगीचा उपयोग करण्यासाठी माणसाएवढा मेंदू लागतोच असे नाही, हे यातून सूचित होते. या भूमिकेची मर्यादा अशी की वणव्याच्या मागे फिरणाऱ्या माणसाने जमिनीत कोणतीही खूण सोडलेली नसणार. म्हणून ती पटण्याजोगी असली तरी पडताळणे कठीण.

आगीच्या उपयोगांबद्दलही मते वेगळी आहेत. अन्नाइतकेच महत्त्व काही जण उजेडाला देतात. पॉली विस्नर यांनी २०१४ साली कालाहारीतील जु/होआन्सी लोकांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसा बोलणे कामाचे, देवाणघेवाणीचे, तक्रारींचे असे. रात्री आगीभोवती चाललेल्या संभाषणांपैकी ८१ टक्के वेळ गोष्टींचा होता. आगीने दिवस लांबवला आणि त्या वेळात नाती, नियम आणि कथा रुजल्या, अशी ही मांडणी. ऊब, हिंस्र प्राण्यांपासून रक्षण, मांस धुरावून टिकवणे ही कारणेही पुढे आली आहेत. ती एकमेकांना छेद देत नाहीत. कोणते कारण आधी आले, एवढाच खरा प्रश्न.

पेटवण्याची कला

तिसरा प्रश्न पेटवण्याचा, आणि तो सर्वांत अवघड. लाकडावर लाकूड घासून आग काढण्याची पद्धत जगभर आढळते. आपल्याकडे यज्ञात अरणीमंथनाच्या रूपाने ती अजूनही जिवंत आहे. पण अरणी लाकडाची असते, आणि लाकूड लाखो वर्षे टिकत नाही. खूण राहते ती दुसऱ्या पद्धतीची: लोहमाक्षिकावर, म्हणजे पायराइटवर, चकमकीचा दगड आपटून ठिणगी पाडण्याची.

निअँडरथल माणसाला ही कला येत होती का, यावर गेली वीस वर्षे जोरदार चर्चा चालू आहे. डेनिस सँडगेथ आणि हॅरॉल्ड डिबल यांना नैऋत्य फ्रान्समधील पेश द लाझे आणि रोक द मार्साल या स्थळांवर उष्ण काळाच्या थरांत आग दिसली, तर ऐन थंडीच्या काळाच्या थरांत ती जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. गरज सर्वाधिक तेव्हाच आग नाही, याचा अर्थ हे लोक विजेने लागलेल्या आगींवर अवलंबून होते, असा त्यांचा तर्क. थंड काळात अशा वादळी आगी कमी होतात. विरोधकांच्या मते हिमकाळात झाडेच कमी होती, सरपण नव्हते, आणि ती स्थळे तेव्हा वेगळ्या कामासाठी थोडा वेळ वापरली गेली असावीत.

अँड्र्यू सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली फ्रान्समधील सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथल हत्यारांवर पायराइट आपटल्यासारख्या खुणा नोंदवल्या. पेश द लाझेच्या परिसरातूनच मिळालेल्या मँगॅनीज डायऑक्साइडच्या तुकड्यांबद्दल २०१६ साली एक सूचना आली होती: त्याची पूड लाकूड कमी तापमानाला पेटायला मदत करते, म्हणून ती गोळा केली असावी.

डिसेंबर २०२५मध्ये ही तारीख एकदम मागे गेली. इंग्लंडमधील सफोक परगण्यात बार्नहॅम येथे रॉब डेव्हिस, निक अ‍ॅश्टन आणि सहकाऱ्यांना सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीच्या थरात भाजलेल्या मातीचा भाग, उष्णतेने फुटलेल्या कुऱ्हाडी आणि पायराइटचे दोन तुकडे मिळाले. माती ७०० अंशांहून अधिक आणि पुन्हा पुन्हा तापल्याचे तपासणीत दिसले. पायराइट त्या परिसरात सहज सापडत नाही, म्हणजे तो मुद्दाम दुसरीकडून आणलेला असणार. आग पेटवण्याचा हा आजचा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. तुकडे दोनच आहेत, आणि एका स्थळावरून त्या काळचे सगळेच लोक आग पेटवत होते असे म्हणता येत नाही. पण चार लाखांच्या सीमारेषेला यामुळे एक संभाव्य कारण मिळाले: आग पेटवता येऊ लागली म्हणूनच ती सर्वत्र दिसू लागली असेल.

आग असूनही ती पेटवता न येणारे समाज असू शकतात का, या प्रश्नावर अंदमानचा उल्लेख नेहमी येतो. अंदमानी लोक आग अतिशय काळजीने राखतात पण पेटवत नाहीत, असे तिथल्या जुन्या निरीक्षकांनी लिहिले आहे. टास्मानियाबद्दलच्या अशाच नोंदी पुढे चुकीच्या असल्याचे मांडले गेले. म्हणून वसाहतकाळातील अशा नोंदींवर फार मोठी इमारत उभारणे योग्य नाही.

भारताचे स्थान

या चर्चेत भारत जवळजवळ गैरहजर आहे, हे नोंदवायला हवे. तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी कुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत, असे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले. कर्नाटकातील इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी दीर्घकाळ केलेल्या उत्खननातून अश्मयुगीन माणसाच्या कामाची जागाच उजेडात आली. माणूस इथे होता, हे निर्विवाद. पण तितक्या जुन्या काळातल्या आगीचा सर्वमान्य पुरावा भारतातून अद्याप पुढे आलेला नाही. आपली बरीच प्राचीन स्थळे नदीकाठी, उघड्यावर आहेत. पुराने ढवळलेल्या गाळात हत्यारे टिकतात, राख टिकत नाही. सूक्ष्म गाळपरीक्षणाचा वापर इथे वाढला तर हे चित्र बदलू शकते, आणि दख्खनच्या पठारावर इतकी वर्षे काम केलेल्या आपल्या संस्थांनी हा प्रश्न हाती घ्यावा, असे मनापासून वाटते.

काय अनुत्तरित आहे

पहिला न सुटलेला प्रश्न दहा लाख वर्षांच्या दरीचा आहे. होमो इरेक्टसचे शरीर आगीवाचून घडले, की आग होती आणि तिची खूण पुसली गेली? याचा निकाल लागायचा तर आफ्रिकेतील वीस ते दहा लाख वर्षांपूर्वीच्या स्थळांवर नव्या पद्धतींनी शोध घ्यावा लागेल. तोही फक्त माणसांच्या स्थळांवर नव्हे. आसपासच्या, माणूस नसलेल्या थरांतही आगीच्या किती खुणा आहेत हे मोजल्याशिवाय तुलना होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न सातत्याचा. वोंडरवर्क आणि गेशर बनोत याकोवच्या माणसांकडे आग होती. मग युरोपमध्ये ती लाखो वर्षे का दिसत नाही? आग एकदा शिकली की कायमची आली असे धरणे सोपे आहे, पण ते सिद्ध झालेले नाही. लहान, विखुरलेल्या टोळ्यांत जाणकार माणसे गेली की ज्ञानही गेले असेल. आग अनेकदा सापडली आणि अनेकदा हरवली असणे शक्य आहे.

तिसरा प्रश्न, आग कुणाकुणाकडे होती? दक्षिण आफ्रिकेतील राइझिंग स्टार गुहेत होमो नालेदी या लहान मेंदूच्या मानवप्रजातीने आग वापरली, असे ली बर्गर यांनी २०२२ साली जाहीर केले. तिथला कोळसा नेमका त्याच काळातला आहे का, हे अजून सिद्ध झालेले नाही. सिद्ध झाले तर मोठा मेंदू आणि आग यांची घट्ट मानलेली सांगड पुन्हा तपासावी लागेल.

सारांश असा: आगीचा फायदा घेणे कदाचित फार जुने असावे, पण ते अजून अनुमानाच्या पातळीवर आहे. आग जवळ आणणे आणि बाळगणे दहा लाख वर्षांपूर्वी काही ठिकाणी घडले होते, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. आग नेहमीची सोबत झाली ती सुमारे चार लाख वर्षांपूर्वीपासून, आणि ती पेटवण्याचा आजचा सर्वांत जुना पुरावाही त्याच सुमाराचा आहे. त्यानंतरच्या काळात अग्निज्ञान किती खोल गेले होते याची साक्ष दक्षिण आफ्रिकेतील बॉर्डर केव्ह देते. लिन वॉडली यांच्या गटाला तिथे सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वी आगीत भाजलेले कंद मिळाले, आणि त्याहूनही आधी राखेच्या थरावर गवत पसरून केलेली अंथरुणे.

या क्षेत्राची खरी प्रगती अधिकाधिक जुन्या तारखांत मोजता येणार नाही. वापरणे, राखणे आणि पेटवणे हे प्रश्न वेगळे केल्यापासून परस्परविरोधी वाटणाऱ्या अनेक भूमिका एकाच दीर्घ प्रक्रियेच्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलत आहेत, हे दिसू लागले. रँगहॅम यांचा होमो इरेक्टस आणि बार्नहॅमची पायराइट बाळगणारी माणसे यांच्यात विरोध नाही. त्यांच्यामध्ये पंधरा लाख वर्षांचे शिकणे आहे, आणि त्यातल्या बहुतेक पायऱ्या शोधायच्या बाकी आहेत.